बारा दिवसांसाठी बंद

पहाटे पाचला रत्नागिरीला निघायचं
म्हणून आदल्या दुपारीच कूलर उपसायला घेतला.
टाकीचं बूच गंजून बसलेलं. पान्हा फिरेना.
भालचंद्र म्हणाला, थोडं खोबरेल सोड, दहा मिनिटं थांब.
थांबले. तेवढ्यात त्यानं सांगून घेतलं
जे नाशिकचा प्रत्येक माणूस मे महिन्यात एकदा तरी सांगतोच:
पूर्वी इथं पंखासुद्धा लागत नसे.

मग बूच सुटलं.
पाणी ओट्यावरून गल्लीत,
तळाशी गाळ, दोन गांधीलमाश्या,
आणि पंपाखाली ओजसची लुडोची हिरवी सोंगटी,
जिच्या जागी होळीपासून आम्ही
शर्टाचं बटण खेळवत होतो.
उरलेली अर्धी बादली कढीपत्त्याला.
जाळ्यांतलं गवत क्षारानं पांढरं पडलेलं,
हात लावला की चहापावडरीसारखं झडत होतं.

गच्चीत सोलरच्या काचांवर जुनी चादर घातली,
चार कोपऱ्यांना चार विटा.
नाहीतर कुणी न वापरलेलं पाणी
बारा दिवस एकटंच उकळत बसलं असतं.
गिझरचा सिलिंडर बंद.
बंद ना?
बंद.
पुन्हा बघ.

सिडकोतली घरं. मधली भिंत एकच, दोघांची.
शिरोडेबाई पलीकडून म्हणाल्या, किती दिवस?
बारा.
कूलरही बंद?
मग काय, रिकाम्या घराला गार वारा घालायचा?
मी हसले. त्या हसल्या नाहीत.

माझ्या उशामागेच आहे तुमचा कूलर, म्हणाल्या.
सिव्हिलला तीस वर्षं रात्रपाळी केली मी.
वॉर्डात काहीतरी घरघरत असेल तोवर डुलकी घ्यायची.
घरघर थांबली, की उठायचं आणि पळायचं.
अजून तसंच आहे बघ.
लाइट गेली तर तुमच्याआधी मी जागी होते.

भालचंद्र म्हणाला, मग तुमच्याकडेच लावून देतो ना, मावशी.
नको रे. वारा बाधतो मला.
आवाज तेवढा हवा. तोही पलीकडून.

पंप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून
माळ्यावर टाकला, तेव्हा तो अजून ओला होता.

रात्री आम्ही नुसत्या पंख्याखाली. चादर चिकटत होती.
बाराला भिंतीपलीकडे स्टूल सरकलं.
एकला नळ.
दोनला पेला ठेवल्याचा आवाज, मग खोकला,
मग बराच वेळ चपला, दारापर्यंत आणि परत.
चार उन्हाळे कूलर लावून झोपलो आम्ही,
हे काही कधी ऐकलंच नव्हतं.

सिन्नर यायच्या आत मला आठवलं:
सोलरचा व्हॉल्व्ह?
भालचंद्र म्हणाला, केला असशील. मी म्हटलं, असशील म्हणजे?
चावी शिरोडेबाईंकडे. फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
जागीच होते, थांब, जिना चढते.
मग धाप, कडी, चादर उचलल्याची सळसळ,
एक वीट पडली बहुतेक.
बंद आहे गं. सगळं नीट बंद करून गेलात.

ठेवते, म्हटलं.
त्या म्हणाल्या, तो आवाज कसला येतोय?
गाडीचा. जुनी झालीय, चौथ्या गिअरला घरघरते.
हं, म्हणाल्या.
त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही,
आणि फोनही कुणी ठेवला नाही.

ओजस मागे सोंगटी मुठीत धरून झोपलेला.
संगमनेर गेलं. ऊन चढायला लागलं.
एसी लावू का, भालचंद्रानं विचारलं.
मी मान हलवली, नको,
आणि फोन गिअरच्या शेजारी, जरा आणखी जवळ ठेवला.
चंदनापुरी घाटात रेंज जाते.
त्याच्या आधी एकदा कानाला लावून पाहिला:
संथ काहीतरी येत-जात होतं.
तो श्वास होता की आमचीच गाडी,
नक्की सांगता येणार नाही.